कोषाध्यक्ष झालीस ना, मग ऐक

झालीस एकदाची कोषाध्यक्ष! मनापासून अभिनंदन, आणि लगेच सांगते, घाबरू नकोस. सभेत टाळ्या वाजल्या, आधीच्या खजिनदारांनी एक कापडी पिशवी, दोन खोकी फायली आणि तीन पासबुकं तुझ्या हवाली केली, आणि ‘बाकी सगळं सीए साहेबांना माहीत आहे’ म्हणून ते मोकळे झाले. आता ती पिशवी कपाटावर आहे आणि तुझ्या डोळ्याला डोळा नाही. बघ, आपल्या जालना जिल्ह्यात हे घरोघरीचं आहे. मंठ्यात अभ्यासिका चालवणारं मंडळ असो, घनसावंगीकडचा मुलींचा कबड्डी संघ असो नाहीतर भोकरदनचं वाचनालय, हिशेब एका माणसाच्या डोक्यात आणि कागद पिशवीत, अशीच पद्धत पडली आहे.

खरं सांगू का, तुला हे जमणार आहे. बचत गटाचं रजिस्टर तू सांभाळलंयस. कुणाचा हप्ता थकला, कुणाला अंतर्गत कर्ज दिलं, व्याज किती झालं, हे तुला न बघता सांगता येतं. संस्थेचा हिशेब त्यापेक्षा अवघड नसतो गं, फक्त त्यातले शब्द मोठे असतात.

आता पहिली गोष्ट. या वर्षाचं जमाखर्च पत्रक हातात घेऊन तूट का आली म्हणून रडत बसू नकोस. अंगणवाडीत बाळाचं वजन करतात तेव्हा सेविका एका महिन्याच्या आकड्यावर काही बोलत नाही, ती तक्त्यावरची रेघ बघते: चढतेय, आडवी झालीय की खाली येतेय. संस्थेचं तसंच आहे. गेल्या दहा वर्षांचे ताळेबंद एकाशेजारी एक ठेव. दहा सापडले नाहीत तर सात ठेव, पाच ठेव. हरवलेल्या वर्षांच्या प्रती सीएकडे मिळतात, तिथं नसतील तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळतात, कारण दरवर्षी लेखापरीक्षण करून तिथं ते दाखल करायचेच असतात. संस्था जुनी असेल तर आणखी एक लक्षात ठेव. आपला जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीची नोंदणी असेल तर मूळ कागद संभाजीनगरला शोधावा लागू शकतो, आणि परतूरकडची संस्था असेल तर परभणीला.

एक लांबोडी वही घे आणि आडव्या पानावर वर्षं लिही. प्रत्येक वर्षाखाली एकूण जमा किती, त्यातला सर्वांत मोठा आकडा कुठून आला, ३१ मार्चला शिल्लक किती, त्या शिलकीतला कशासाठी तरी बांधलेला पैसा किती, आणि देणं किती, एवढंच मांड. समासात त्या वर्षी गावात काय झालं तेही लिही. २०१२-१३ चा दुष्काळ लिही, लागोपाठ २०१४ आणि २०१५ ही कोरडी गेलेली वर्षं लिही, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी लिही, २०१८ चा दुष्काळ, २०२० ची टाळेबंदी. तुझ्या लक्षात येईल की पत्रकातले खड्डे आणि समासातल्या नोंदी बऱ्याचदा एकमेकांसमोर येतात. जिथं खड्डा आहे पण समास कोरा आहे, तिथं थांब. तिथं काहीतरी आतलं बिघडलेलं असतं. माणूस सोडून गेलेला असतो, भांडण झालेलं असतं, किंवा एकाच देणगीदारावर सगळा भार टाकलेला असतो.

हा एकाच देणगीदाराचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण तरुणांच्या संस्थांची आर्थिक तब्येत इथंच पुन्हा पुन्हा ढासळते. आपल्याकडे गावोगावी युवक मंडळं निघाली त्यामागे नेहरू युवा केंद्राचा मोठा वाटा. केंद्र सरकारनं १९७२ साली ही केंद्रं सुरू केली, १९८७ मध्ये त्यांचं स्वायत्त संघटन झालं. मंडळ नोंदवा, कार्यक्रम घ्या, खेळाचं साहित्य मिळवा. त्यातून किती पोरं घडली, मी तर म्हणेन ती एका पिढीची शाळा होती. पण त्या काळात मंडळाकडे पैसा असा फारसा फिरायचा नाही, व्हॉलीबॉल आणि जाळं यायचं, बॅनर यायचा, चहा-नाश्त्याचं बिल मंजूर व्हायचं. त्यामुळे हिशेब मांडायची सवयच लागली नाही. पुढे दिल्लीतली धोरणं बदलली, ३१ ऑक्टोबर २०२३ ला ‘मेरा युवा भारत’ सुरू झालं, नोंदणी मोबाईलवर आली. ज्या मंडळांचं स्वतःचं काही नव्हतं, ती नुसती पाटीपुरती उरली.

मग प्रकल्पांचा काळ आला. पुण्या-मुंबईची मोठी संस्था परदेशी निधी आणायची आणि त्यातला थोडा वाटा आपल्याकडच्या छोट्या संस्थेला गावातल्या कामासाठी द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करणं बंद झालं. शिवाय परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत करता यायचा, तो २० टक्क्यांवर आला. ज्यांच्या वहीत त्या एका रकान्यात सत्तर-ऐंशी टक्के जमा होती त्यांचं काय झालं असेल, तूच विचार कर. कामात काही खोट नव्हती गं. शिकवणाऱ्या पोरीही तशाच मन लावून शिकवत होत्या.

तिसरा काळ कंपन्यांचा. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. आपल्या जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, उगाच नाही लोक ‘सोन्याचा पाळणा’ म्हणत. तेव्हा तिकडे जायलाच हवं, लाजायचं कारण नाही. पण बघ, तीन वर्षांच्या सरासरीची गंमत समजून घे. सळईचा भाव पडला की कंपनीचा निधी त्याच वर्षी आटत नाही, पुढची दोन-तीन वर्षं त्याचा ताण राहतो. म्हणजे बाजार सुधारला तरी तुझ्या हातात येणारा पैसा अजून आखडलेलाच असतो. आणि २०२० मध्ये पीएम केअर्सला दिलेली रक्कमही याच खर्चात धरायला मुभा मिळाली, तेव्हा छोट्या संस्थांच्या वाट्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. कंपनीकडे जायच्या आधी सीएसआर-१ ची नोंदणी केलेली असू दे, १ एप्रिल २०२१ पासून ती लागते.

म्हणून माझा नियम असा आहे. कोणत्याही एका रकान्यातली जमा एकूण जमेच्या निम्म्याहून जास्त झाली की तो आकडा लाल पेनानं लिहायचा. त्या वर्षी भरपूर पैसे आले म्हणून पेढे वाटले असतील तरी लालच. लाल वर्षं ओळीनं तीन आली की कार्यकारिणीच्या बैठकीत तो विषय घेतल्याशिवाय उठायचं नाही. अध्यक्षांना वाईट वाटलं तरी चालेल. मी सांगितलं म्हणून सांग हवं तर.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे सगळे विसरतात. बँकेतली शिल्लक म्हणजे संस्थेची शिल्लक नव्हे. समज, ३१ मार्चला पासबुकात ४,१०,००० दिसतात. सगळे खूश. पण त्यातले ३,६०,००० मुलींच्या संगणक वर्गासाठी आलेले आहेत आणि ते त्याच कामाला लागले पाहिजेत. तुझे स्वतःचे ५०,००० राहिले. आता महिन्याचा न टळणारा खर्च बघ: अभ्यासिकेचं भाडं ६,०००, लाइट बिल २,५००, नेट आणि वर्तमानपत्रं १,५००, दोन कार्यकर्त्या पोरींचं मानधन प्रत्येकी ५,०००, बाकी किरकोळ १,०००. झाले २१,०००. म्हणजे उद्या सगळे निधी थांबले तर संस्था जेमतेम अडीच महिने उभी राहील. हा ‘किती महिने’चा आकडा प्रत्येक वर्षाखाली काढ. संस्थेची तब्येत मला कुणी एका आकड्यात सांग म्हटलं तर मी हाच आकडा सांगेन. एकूण जमा किती लाख, किती गावात काम, किती लाभार्थी, ही सगळी मोठ्या बॅनरवरची भाषा झाली. बांधलेला पैसा वजा करून उरलेल्यावर आपण किती महिने तग धरतो, ते बघ.

इथंच एक गैरसमज दूर करते. कंपनीचे अधिकारी कधी कधी म्हणतात, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही. आपण मान डोलावतो आणि लाइट बिल, हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं अंदाजपत्रकातून काढून टाकतो. अगं, ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च तिच्यात मोडत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे मागायचं. मुलींना संगणक शिकवायचा तर खोलीचं भाडंही द्यावं लागतं, वीजही लागते, हजेरी आणि पावत्या सांभाळणारं माणूसही लागतं. हे मागताना आवाज खाली घेऊ नकोस.

आता जरा नाजूक बोलते. तुझ्या वहीत एक गोष्ट कुठंच सापडणार नाही, पण ती जवळजवळ प्रत्येक संस्थेत असते. ‘दादांनी भरले.’ लाइट तोडायला माणूस आला, दादांनी भरले. स्पर्धेला पोरांची गाडी करायची होती, दादांनी भरले. दादा मोठ्या मनाचे आहेत, त्यांच्यामुळेच संस्था टिकली, मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण नोंद न केल्यामुळे आपल्याला वाटतं संस्था चालतेय, आणि खरं तर दादांचा संसार ओढला जात असतो. दादा थकले, त्यांच्या घरी लग्न निघालं, शेतात दोन वर्षं काही आलं नाही, किंवा ते निवडणुकीच्या राजकारणात गेले, की एका महिन्यात सगळं उघडं पडतं. तेव्हा दादांशी शांतपणे बस. दिलेले पैसे देणगी असतील तर त्यांच्या नावानं पावती फाड. उसने असतील तर तसं लिहून ठेव, आणि एक ध्यानात घे, सार्वजनिक न्यासासाठी विश्वस्तांनी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कलम ३६-अ तसंच सांगतं. त्यामुळे ‘हातउसने’ हा प्रकार पुढे तुझ्याच अंगाशी येऊ शकतो. दादांना वाईट न वाटता हे सांगणं तुलाच जमेल. सरळ म्हणावं, तुमचं योगदान कागदावर यायला हवं, नाहीतर पुढच्या पोरांना कळणार कसं?

आणि त्याहून दडलेलं देणं म्हणजे थकलेलं मानधन. बहुतेक छोट्या संस्थांचे हिशेब रोखीच्या पद्धतीनं मांडतात, म्हणजे पैसा दिला की खर्च दिसतो. दिलाच नाही तर खर्चच नाही! सहा महिने एखाद्या पोरीला मानधन मिळालं नाही तर पत्रक उलट छान दिसतं, तूट नाही म्हणून कौतुक होतं. ती पोर मात्र बदनापूरहून रोज स्वतःच्या पैशानं एसटीनं येत असते. मला याचा फार राग येतो बघ. तरुणांसाठी काम करणारी संस्था तरुणांच्याच घामावर उधारीनं चालते आणि ते कुणाच्या नजरेलाही येत नाही. तू वहीत एक जादा रकाना कर: ‘ज्यांचं देणं बाकी आहे’. नाव, महिना, रक्कम. बैठकीत तो रकाना वाचून दाखव. पहिला मोकळा पैसा आला की आधी तिथं जाऊ दे, नवीन बॅनर नंतर.

आता पैसा कुठून आणायचा? मला माहितीय, तुला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

आपली माणसं देत नाहीत असं म्हणू नकोस. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा बघितलंस ना? कुणी गहू देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी एका दिवसाची पंगत उचलतं. आणि कोणी काय दिलं ते लाऊडस्पीकरवर सांगितलं जातं. देणाऱ्याला मान मिळतो, आणि दिलेलं पंगतीत सगळ्यांना दिसतं. अभ्यासिकेसाठी आपण असं कधी केलं? आपण एक दानपेटी ठेवतो आणि लोक टाकत नाहीत म्हणून हळहळतो. उलट ती पेटीच अडचणीची. निनावी देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढे गेल्या की त्यांवर तब्बल ३० टक्के कर लागतो. तुझी पेटी तेवढी भरणार नाही हे खरं, पण सवय नावाच्या पावतीचीच लाव. शंभर रुपयांची सुद्धा पावती, नाव आणि पत्त्यासह. मोबाईलवर पैसे आले तरी कुणाचे ते त्याच दिवशी लिही, महिन्याअखेर नुसत्या नंबरांवरून नातेवाईक ओळखत बसावं लागतं.

आणि वर्षातून एकदा गावासमोर हिशेब वाचायचा. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे जमलेले असतातच. किती आले, कुठं गेले, कुणाचं देणं आहे, पुढच्या वर्षी काय लागेल. दहा मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी लोक नुसतं ऐकतील. पुढच्या वर्षी एखादा उभा राहील आणि म्हणेल, भाड्याचे दोन महिने माझ्याकडे.

मागायची वेळही बघावी लागते. मृग लागला, बी-बियाणं, खत, पेरणी, अशात शेतकऱ्याकडे वर्गणीला गेलीस तर तो तरी काय देणार? सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी विकलेली असते, ते दिवाळीच्या आगेमागे विचार. मात्र मंठा, घनसावंगी, अंबडकडची जी कुटुंबं ऊसतोडीला जातात त्यांच्याकडे त्याच वेळी कुलूप असतं, आणि त्यांच्या पोरांना तुझ्या संस्थेची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही दिवाळीनंतरच वाढतात. खरी ओढाताण होते ती एप्रिल ते ऑगस्ट. या पाच महिन्यांसाठी आधीच बाजूला काढून ठेव. नोव्हेंबरात पासबुक फुगलेलं दिसलं म्हणून खुर्च्या घेऊ नकोस.

तुझ्याकडे एक हुकमी वर्ग आहे, ज्याचा तू अजून विचारच केला नाहीयेस. तुमच्या अभ्यासिकेत बसून जी पोरं पोलिसात लागली, तलाठी झाली, बँकेत गेली, कुणी पुण्यात कंपनीत आहे. त्यांची यादी कर. दरमहा शंभर-दोनशे रुपये त्यांना जड नाहीत, आणि ज्या खुर्चीवर बसून आपण शिकलो तिची ओढ असते माणसाला. अशी चाळीस पोरं दरमहा दोनशे देऊ लागली तर महिन्याला ८,००० झाले, म्हणजे भाडं भरून वर थोडे उरतात. आणि हा पैसा बिनशर्त आहे. कंपनीच्या दोन लाखांपेक्षा मला या आठ हजारांचं मोल जास्त वाटतं.

नोकरदारांना पूर्वी आपण सांगायचो, ८०-जीची पावती देतो, कर वाचेल. आता ते जपून बोल. नव्या करपद्धतीत ही सूट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच पद्धत मूळ धरली जाते. जुनी पद्धत निवडणाऱ्यालाच फायदा, तोही रोख दोन हजारांपर्यंतच, त्यावरची रक्कम चेकनं किंवा बँकेतून आली पाहिजे. तेव्हा कर वाचतो म्हणून नको, काम पटतं म्हणून द्या, असं सांगायला शिक.

सरकारी पैशाकडे पाठ फिरवू नकोस, पण त्याच्या भरवशावरही राहू नकोस. वाचनालय मान्यताप्राप्त असेल तर परिरक्षण अनुदान मिळतं, २०२२ मध्ये ते ६० टक्क्यांनी वाढलं. ते हप्त्यांनी येतं, आणि हप्ता कधी येईल त्यावर ग्रंथपालाचं घर अवलंबून असतं. जिल्हा युवा पुरस्कारासाठी अर्ज जरूर कर, संस्थेला ५० हजार मिळतात. ‘लोकसत्ता’ २०११ पासून दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मध्ये दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक भरभरून चेक पाठवतात. असं काही तुमच्या नशिबी आलं तर देव पावला म्हण, पण तो पैसा वहीत वेगळा लिही. एकदाच येणाऱ्या पैशावर कायमचा पगार सुरू करायचा नाही. त्यातून छप्पर घाल, पुस्तकं घे, किंवा गंगाजळीत टाक.

गंगाजळी म्हटलं की आपल्याकडचे लोक बिचकतात. संस्थेनं पैसे साठवले म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं वाटतं. कायदा मात्र तसं म्हणत नाही. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे, उरलेले १५ टक्के राखून ठेवता येतात. बांधलेल्या निधीतून वाचवायचं नाही, तो पुरा त्याच कामाला. पण वर्गणी, देणगी, व्याज असे समज दोन लाख मोकळे आले, त्यातले तीस हजार दरवर्षी काढलेस, तर पाच वर्षांत दीड लाख होतात. मघाच्या हिशेबानं ते सात महिने झाले. अडीच महिन्यांवरून साडेनऊवर गेलीस की नाही? आणि कुणी जाणता माणूस मोठी रक्कम द्यायला निघाला तर त्याच्याकडून लेखी घे, की ही रक्कम मूळ निधीत जमा करावी. चिठ्ठी नसेल तर ती साधी देणगी धरली जाते. ठेव संस्थेच्या नावानं, बँकेत. कुणाच्या ओळखीच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून मुळीच नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं कडवंची बघ. तिथं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र पाठीशी होतं, विजयअण्णा बोराडेंसारखा माणूस होता. प्रकल्प संपला, निधी थांबला, आणि २०१२ चा दुष्काळ आला तेव्हाही गावात द्राक्षबागा उभ्या होत्या. लोकांनी श्रमदान केलं होतं, केलेलं काम पुढे राखलं होतं. प्रकल्प चालू असतानाच तो संपल्यानंतरची सोय करायची असते. तुमचा संगणक वर्ग ज्या दिवशी मंजूर होईल, त्याच दिवशी विचार, तिसऱ्या वर्षानंतर हे संगणक दुरुस्त कोण करणार?

कागदांचं थोडक्यात सांगते, नाहीतर तू पुन्हा घाबरशील. तुमची नवी कार्यकारिणी झाली, त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे, नाहीतर कागदोपत्री तू कोषाध्यक्षच नाहीस आणि बँक सह्या बदलून देणार नाही. हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर. आयकरातली नोंदणी कायमची असते हा भ्रम २०२१ मध्येच संपला. तेव्हा नव्यानं दिलेली नोंदणी पाच वर्षांची, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी करायचा होता. तो केला का, हे आधी विचार. उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना आता दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते, ८०-जीची मुदत मात्र वेगळी असते, दोन्हींच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मांचे नंबर बदललेत, त्यामुळे सीएला जुन्या नंबरांनी विचारलंस आणि त्यांनी नवे सांगितले तर गोंधळू नकोस.

आणि हे मात्र ऐकावंच लागेल. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, कुणीही मागितली तरी. ‘वहिनी, तुम्ही नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो’ असं जो म्हणेल त्याला आधी व्हाउचर आणायला सांग. मागच्या तारखेचं व्हाउचर बनवायचं नाही. एका वर्षी तूट आली तर घाबरायचं नाही, दुष्काळात संस्थेनं जास्त खर्च केला असेल तर ती तूट मला अभिमानाची वाटते. सलग तीन वर्षं ‘किती महिने’चा आकडा घसरत असेल तर मात्र गप्प बसायचं नाही.

सोमवारी पहिल्यांदा बँकेत जा, तिन्ही पासबुकं भरून आण. तिसरं खातं बहुतेक जुन्या प्रकल्पाचं असेल आणि वापराविना बंद पडलेलं निघेल, त्यात काही शिल्लक असेल तर केवायसीचे कागद मागतील. ठराव, नोंदणी प्रमाणपत्र आणि तुझं आधार-पॅन बरोबर ने. येताना ती लांबोडी वही घे, आणि पहिलं पान भरलं की मला फोटो पाठव.